काठीपासून नऊ पावलं

३ मार्च

दादा,

पत्राच्या वर नमस्कार लिहायचा असतो. सातवी नापास असलो तरी तेवढं मला कळतं. पण आज माझा वाकायचा विचार नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

माझा नंबर तू बंद करून ठेवलास. ठीक आहे. घरात फोन एकच, तोही तुझ्या खिशात. म्हणून कागद घेतला. कागद फाडता येतो, पण फाडायला तो आधी हातात घ्यावा लागतो, आणि तुझ्या हातात कागद आला की वहिनी मागून वाचतातच. वहिनी, मोठ्याने वाचा. याला ऐकू दे.

जाळीवाल्या काकाचा फोन आला होता. म्हणाला, "अरे, तुमच्या वाळूच्या दांड्याचं नशीब उघडलं!" मला वाटलं मासळी लागली. तर म्हणाला, दांड्यावर खांब ठोकून फळ्यांची वाट होणार, टोकाला मनोरा, मनोऱ्यावर दुर्बीण, बाजूला स्वच्छतागृह, चार टपऱ्या आणि वाटभर दिवे. लोक वर्षभर येणार. आणि होडीवाल्यांच्या वतीने संमतीच्या कागदावर सही कोणाची? म्हणाला, "तुझ्या थोरल्याची! साहेबांनी त्याला खुर्ची दिली बसायला."

खुर्ची दिली बसायला. वा.

तुला विसर पडला असेल म्हणून सांगतो. समुद्रात शिरलेला तो वाळूचा दांडा म्हणजे रिकामी जागा नाही. बाबांनी आयुष्याची एकोणीस वर्षं तिथे घातली. पगार नाही, गणवेश नाही, कोणी सांगितलेलं नाही. दर मार्चला सुरय पक्षी येतात. बाबा त्यांना टोपीवाल्या म्हणतात, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी दिसते म्हणून. त्या घरटं बांधत नाहीत. शिंपल्यांच्या चुऱ्यात पोट घासून खळगा करतात आणि त्यात दोन अंडी घालतात, रंगाने अगदी खड्यांसारखी. माणूस वरून चालत गेला तरी त्याला कळत नाही आपण काय केलं. भरतीचं पाणी चढत नाही अशा जागा दांड्यावर मोजक्या, त्यामुळे दर वर्षी त्याच जागी खळगे. दर खळग्यासाठी बाबांची एक काठी, काठीला लाल चिंधी. सत्तेचाळीस काठ्या. दुखऱ्या पायाने फिरून दर वर्षी नीट करतात ते. आणि तू खुर्चीवर बसून सही करतोस.

काय लिहिलं होतं रे त्या कागदावर? वाचलंस तरी का? दहावी पास तू, मी नाही. घरातला शिकलेला माणूस म्हणून तुला मान.

आणि तुझ्याकडून वेगळी अपेक्षा कशी ठेवू? दोन वर्षांपूर्वी भर दुपारी तुझ्या होडीने दांड्यावर जो पराक्रम केला तो सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. एकोणचाळीस अंडी. बाबा तेव्हापासून तुझ्याशी बोलत नाहीत, ते उगाच नाही. तेवढ्याने पोट भरलं नाही वाटतं.

माझं विचारणार नाहीस, तरी सांगतो. मी बरा आहे. शेडमध्ये वेल्डिंग करतो. तिसऱ्या महिन्यात तिसरा मुकादम झाला, पहिल्या दोघांशी माझं जमलं नाही, याच्याशीही जमेल असं वाटत नाही. सध्या लोखंडी चौकटींचं एक मोठं काम आलंय. कुठल्या दारुड्याने नकाशा काढलाय देव जाणे, एक कोपरा सरळ नाही. काटकोन बघायचा गुण्या लावला की कुठेच बसत नाही. अकरा अंश, तेवीस अंश, परत अकरा. माझ्या शेजारचा म्हातारा मिस्त्री म्हणतो, "हा साप बनवतोय आपण, साप." चौकटीच्या कोपऱ्यात प्रत्येकाने आपला नंबर ठोकायचा असतो, म्हणजे वेल्डिंगचा टाका तुटला तर कोणाला शिव्या द्यायच्या ते कळतं. माझा नंबर एकतीस. माझा टाका तुटत नाही.

सही मागे घे. एवढंच सांगायचं होतं.

बाबांना नमस्कार सांग. तुला नाही.


१७ मार्च

दादा,

पत्र आलं. तुझं नाही, वहिनींचं. चार पानं. तू दोन ओळी लिहिल्या असत्यास तर शाई संपली असती का?

वहिनी लिहितात, "भावोजी, तुम्ही लांबून आग ओकता, इथे काय झालं ते ऐका तरी. यांनी सही केली ती अट घालून केली. सगळे होडीवाले नाहीतरी सही करणारच होते. हे एकटे सभेत उभे राहिले आणि म्हणाले, वाट सरळ न्यायची नाही, बाबांची एकेक काठी चुकवून न्यायची, तरच माझी सही. साहेब हसले, मग मानले. हे स्वतः नकाशावाल्या साहेबांबरोबर दोन दिवस दांड्यावर फिरले. जिथे काठी तिथे घरटं, म्हणून सांगितलं. साहेबांनी एकेक काठी नकाशावर घेतली. एकाही काठीच्या जवळ खांब येणार नाही."

आता मी काय म्हणायचं? शाबास?

वहिनी, तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून तुमच्यावर ओरडत नाही. याच्यावर ओरडतो.

दादा, तुझा तो नकाशावाला दांड्यावर कधी फिरला? वहिनी लिहितात नोव्हेंबरात. नोव्हेंबरात! टोपीवाल्या तेव्हा हजार कोस लांब असतात. म्हणजे पक्ष्यांची पाहणी केली ती पक्षी नसताना. उद्या शाळा तपासायला सुट्टीत या आणि लिहा, मुलं शांत आहेत. आणि काम कधी सुरू? आठ एप्रिलला. तेव्हा अंडी खळग्यात. हे कोणाच्या डोक्यात आलं? थंडीत करायचं काम उन्हाळ्यात का? तर म्हणे मे महिन्याची गर्दी चुकायला नको.

आणि ते काठी चुकवून काय ते. बाबांना विचारलंस? काठ्या कोणाच्या? तुझ्या की बाबांच्या? तू दांड्यावर किती वेळा गेलास रे आयुष्यात? तू शाळेत होतास, नंतर होडीवर होतास. बाबांबरोबर उन्हात मी बसत होतो. म्हणजे बसत नव्हतो, मला बसणं जमत नाही हे बाबांनी तुला शंभर वेळा सांगितलं असेल, पण होतो तरी तिथे.

बाबांना विचारल्याशिवाय एक खांब ठोकू नका. हे मी पुन्हा लिहितो, खाली रेघ मारून लिहितो. बाबांना विचार. काय विचारायचं ते मी लिहू शकत नाही. बाबांना शब्द दिलाय. त्यांना म्हण, धाकटा म्हणतो काठीचं सांगा. त्यांना कळेल.

वहिनी लिहितात, "बाबा यांच्याशी बोलत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे. ताट ठेवलं की जेवतात, हे आत आले की उठून ओट्यावर जातात. साहेबांनी बाबांनाही विचारलं होतं. म्हणाले, आजोबा, काठ्या किती? बाबा म्हणाले, सत्तेचाळीस. एवढंच."

काठ्या किती विचारलं, काठ्या किती सांगितलं. बाबा तसेच आहेत. विचाराल तेवढ्याचंच उत्तर. त्या साहेबाने खळगे किती, कुठे, असं विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

मग तूच विचार. बोलत नाहीत तर पाय धर. दोन वर्षं गप्प बसलास, आता तोंड उघड.

काल रागाच्या भरात माझा टाका वाकडा गेला. पहिल्यांदाच. ग्राइंडर मारून काढला.


२८ मार्च

दादा,

हे पत्र तू एकट्याने वाच. आधी एकट्याने. मग वहिनींना दे. मी जाळीवाल्या काकाला फोन करून एवढंच सांगितलंय की दादाला म्हणावं पाकीट येतंय, फाडू नको. बाकी काही सांगितलं नाही. काकाला सांगणं म्हणजे भोंग्यावर सांगणं, आणि ही भोंग्यावर सांगायची गोष्ट नाही.

परवा शेडच्या मागच्या मैदानात सगळ्या चौकटी जोडून मांडल्या. माल पाठवायच्या आधी तसं करतात, भोकाला भोक जुळतंय का बघायला. आम्ही बारा जणांनी मिळून साप अंथरला. मग मुकादम म्हणाला, "एकतीस, वरून चालत जा, कुठे हलतंय का बघ." मी चाललो. तीन वळणं गेलो आणि थांबलो.

दादा, पाठमोरा माणूस चालीवरून ओळखू येतो ना, तसं झालं. आधी लागोपाठ तीन वळणं, मग लांब सरळ, मग पाच वळणं एका घोळक्यात. दांड्यावरच्या ओंडक्याजवळच्या तीन काठ्या. शिंपल्यांच्या ढिगाजवळच्या पाच. मी डोळे मिटून दांड्यावर चालू शकतो, तो मैदानात डोळे उघडे ठेवून चालत होतो आणि मला वाळू दिसत होती.

मुकादम ओरडला, "काय रे, चक्कर आली का?"

मी खाली उतरून सरळ ऑफिसात गेलो आणि भिंतीवरचा नकाशा बघितला. तोच दांडा. कडेला दीपस्तंभ. लाल टिंबं सत्तेचाळीस. टिंबांच्या खाली लिहिलं होतं, घरटी.

दोन महिने मी आपल्या दांड्याची वाट जोडत होतो. तुला शिव्या देत होतो आणि जोडत होतो. सत्तर चौकटींतल्या चाळीस तरी माझ्या. बंदरावर आल्या की उलटून बघ, कोपऱ्यात एकतीस दिसेल. तो मी.

आता नीट ऐक. मी बाबांचा शब्द मोडतोय.

काठीजवळ घरटं नाही. एकाही काठीजवळ नाही.

पहिल्या वर्षी बाबांनी काठी खळग्याला लागून रोवली होती. तीन दिवसांत कावळे शिकले. एका काठीवर बसायचं, खाली उतरायचं, खाऊन झालं की पुढची काठी. त्या वर्षी एक पिल्लू उडालं नाही. पुढच्या वर्षापासून बाबांनी काठ्या सरकवल्या. काठीला पाठ लावायची, दीपस्तंभाकडे तोंड करायचं, नऊ पावलं टाकायची. तिथे खळगा. आणि नऊ म्हणजे बाबांची नऊ, दुखऱ्या पायाची. माझी सात होतात. कावळे आजही काठीखाली उकरत बसतात आणि अंडी चोरणारेही तसेच वेड्यासारखे उकरतात. म्हणून बाबा हे कोणाला सांगत नाहीत. मला सांगितलं, कारण मी एकदा चुकून खळग्यात पाय टाकणार होतो. सांगितलं आणि म्हणाले, "हे घरात गेलं की गावात गेलं. दादालासुद्धा नाही."

तू काठ्या चुकवल्यास. आणि वाट दर वेळी दीपस्तंभाच्या बाजूने वळवलीय, कारण त्या बाजूची वाळू घट्ट, खांब बसतो. टोपीवाल्यांनाही तीच घट्ट वाळू लागते. मी नकाशावर पट्टी धरून मोजलं. सव्वीस खळगे वाटेखाली. त्यातल्या चौदांवर खांब. तुझी अट नसती आणि वाट सरळ गेली असती तर सहा-सातच गेले असते. तू वाचवायला गेलास आणि नेम धरून मारलंस.

हे लिहिताना मला इतका राग आलाय की पेन कागदातून आरपार जातंय. पण आता तो तुझ्यावर नाही. तुला कसं माहीत असणार? तुला बाबांनी सांगितलं नाही. मी नाही, शब्द दिला होता म्हणून. त्यांनी नाही, आधी गावात फुटेल म्हणून. नंतर ते तुझ्याशी बोललेच नाहीत म्हणून.

आणि ते का बोलत नाहीत, हे आपल्या दोघांना माहीत आहे.

पहिल्या पत्रात तुझ्या होडीचा टोमणा मारला, तो वहिनींना ऐकू जावा म्हणून मारला. इतका नालायक आहे मी. तुझ्या तोंडावर, तुझ्याच बायकोकडून तुला खोटं वाचून दाखवलं. आणि तू ते ऐकून घेतलंस, त्यांना खरं सांगितलं नाहीस. वहिनी, आता वाचत असाल तर वाचा. त्या दुपारी होडी मी नेली होती. दादा बाजारात गेला होता. अकरा पाहुणे, गळ्यात कॅमेरे, मला म्हणाले जरा जवळ न्या, आणि मी नेलं, कारण मला कोणी "तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही" असं म्हटलं की मी कुठेही जातो. दोन तास उभे होते. टोपीवाल्या वर ओरडत फिरत होत्या आणि खाली अंडी उन्हात उघडी. त्या अंड्यांवर बसतात ते ऊब द्यायला नाही, दुपारी सावली द्यायला बसतात. पोट भिजवून आणतात आणि बसतात. मला हे माहीत होतं. माहीत असून मी पाहुण्यांना बोटाने दाखवत होतो, ती बघा, ती बघा.

संध्याकाळी बाबांनी वाळूत होडीच्या तळाची रेघ बघितली. घरी येऊन विचारलं, "होडी तुझीच ना?" तू माझ्याकडे बघितलंस. मी गळ सोडवत बसलो होतो. तू म्हणालास, "हो, माझीच."

होडी तुझीच होती. खोटं बोलला नाहीस. मी काहीच बोललो नाही.

दोन वर्षं मी स्वतःला सांगतोय की तू मोठेपणा करायला गेलास. काल रात्री झोप लागेना तेव्हा खरं कळलं. बाबांबरोबर दांड्यावर जाणारा मी एकटाच होतो. ते काम तरी माझ्याकडे राहू दे, असं तुला वाटलं असणार. आणि मी तीन आठवड्यांत पळालो. तेही राखलं नाही. माझा नंबर बंद करण्याऐवजी तू इथे येऊन मुस्काटात मारायला हवी होतीस.

आठ तारखेला अकरा दिवस उरले. साहेबाला नुसतं सांगून चालणार नाही, तो म्हणेल नकाशावर टिंबं आहेत, तुझ्याच शब्दावर घेतलेली. बाबाच हवेत. सोबतचा छोटा कागद बाबांसाठी आहे. वहिनी, तो तुम्ही वाचून दाखवा. याला समोर बसवा. बाबा उठून ओट्यावर गेले तर ओट्यावर जाऊन वाचा.


त्याच पाकिटात, वेगळा कागद

बाबा,

काठीचं मी दादाला सांगितलं. तुम्हाला दिलेला शब्द मोडला.

दुसरं. होडी दादाची होती, वल्हं माझ्या हातात होतं. एकोणचाळीस अंडी माझी. तुम्ही मोजत होता तेव्हा मी मागे पिशवी धरून उभा होतो, आणि तुम्ही म्हणालात, "तू बघ, हे कधी विसरू नको." नाही विसरलो. बोललो मात्र नाही.

तुम्ही चुकीच्या मुलाशी दोन वर्षं बोलला नाहीत. मला शिव्या द्यायच्या तर वहिनींकडून लिहून पाठवा, त्या सभ्य शब्दांत लिहितील, पण मला कळेल.

पण आधी दांड्यावर जा. दादाने काठ्या चुकवून वाट आखलीय. वाट खळग्यांवरून जाते. त्याला माहीत नव्हतं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, तुम्हीही नाही, मीही नाही.

पाय दुखत असेल तर त्याच्या खांद्यावर हात ठेवा. त्याचा खांदा मजबूत आहे.


१९ एप्रिल

दादा,

नमस्कार.

वहिनींचं पत्र काल मिळालं, खोलीच्या पत्त्यावर. शेडच्या पत्त्यावर आता पाठवू नका. ते शेवटी सांगतो.

मी ते पत्र किती वेळा वाचलं विचारू नकोस. वहिनी लिहितात, कागद वाचून झाल्यावर बाबांनी पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत. मग उठले, चप्पल घातली आणि दांड्याकडे चालायला लागले. तू मागे. ओंडक्याजवळ पहिली काठी उपटली, दीपस्तंभाकडे तोंड केलं, चालले आणि खळग्याशेजारी रोवली. जे पहिल्या वर्षानंतर कधी केलं नव्हतं ते. तू दुसरी काठी उपटलीस आणि चालायला लागलास, आणि बाबा म्हणाले, "पाऊल छोटं टाक. अंड्यावर जाशील."

दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, आणि त्यातही सूचनाच.

मी खोलीत एकटाच हसलो. मग काय झालं ते लिहीत नाही.

सत्तेचाळीस काठ्या एका दिवसात. आठ तारखेला यंत्र आलं आणि नकाशावाला साहेब उतरला, तेव्हा चौदा खांबांच्या खुणांशेजारी एकेक काठी आणि काठीशेजारी दोन अंडी. वहिनी लिहितात साहेब म्हणाला, "काठ्या हलवल्यात तुम्ही!" आणि तू म्हणालास, "काठ्या आता बरोबर आहेत. आधी मी चुकीचं सांगितलं. लिहा, चूक माझी." परत तेच! दादा, तुला दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायची सवय लागलीय. हे सोड आता.

पिल्लं उडेपर्यंत काम थांबलं, म्हणजे जूनपर्यंत. मला लोक म्हणतील जिंकलात. घंटा जिंकलो. मनोरा रद्द नाही, दिवे रद्द नाहीत, टपऱ्या रद्द नाहीत. वाट पुन्हा आखणार म्हणे. पुन्हा आखली तरी दांड्यावरच आखणार ना? वाट दांड्याच्या अलीकडे थांबवा, दुर्बीण तिथे लावा, लांबून बघा, असं म्हणायला कोणाच्या बापाचं काय जातं? जूनमध्ये सभा होईल तेव्हा तू उभा राहा, आणि या वेळी खुर्ची दिली तर बसू नको. बाबांना बरोबर ने. मीही असेन. मला नीट बोलता येत नाही, ओरडता येतं.

आता दुसरा घोर. काठ्या खळग्यांना लागल्या. साहेबाला दिसल्या तशा कावळ्यांनाही दिसल्या. वहिनी लिहितात पहिल्याच सकाळी पाच अंडी गेली. काठ्या परत सरकवता येत नाहीत, कारण सरकवल्या की यंत्रवाले म्हणणार, बघा, इथे काही नाही. म्हणून तुम्ही दोघं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दोन टोकांना बसता. आरडाओरडा करता येत नाही, उभं राहता येत नाही. नुसतं बसायचं. बसलेल्या माणसाला कावळे भितात आणि टोपीवाल्या खडक समजतात. हे बाबांचं मला पाठ आहे, मला जमलं नाही कधी एवढंच. अर्धा तास झाला की माझा पाय हलायचा आणि सगळा थवा वर. बाबा म्हणायचे, "हा खडक नाही, हा बेडूक."

वहिनी लिहितात की दुपारी बाबांना ऊन सोसत नाही, एक दिवस चक्कर आली, तू त्यांना उचलून आणलंस आणि तेवढ्या वेळात दोन खळगे रिकामे झाले.

माझं सांगतो. चौकटी ट्रकवर चढवायच्या होत्या तेव्हा मी मुकादमाला सगळं सांगितलं. नकाशा दाखवला. तो म्हणाला, "आपण चौकटी बनवतो रे, पक्षी नाही." मी म्हणालो, ट्रक जाणार नाही. तो म्हणाला, "तुझ्या बापाचा आहे का ट्रक?" मी वेल्डिंगची काळी काच जमिनीवर आपटली. ती फुटली, बाकी काही झालं नाही. ट्रक गेला. चौकटी तुमच्या बंदरावर ताडपत्रीखाली पडल्यात, वहिनींनी लिहिलंय. तू अंधार पडल्यावर त्यांच्यावर बसून डबा खातोस म्हणे. खा. मजबूत आहेत. माझा टाका तुटत नाही, हेच दुःख आहे.

मला काढून टाकलं. म्हाताऱ्या मिस्त्रीने जाताना त्याची टोपी दिली, रुंद काठाची. म्हणाला, "उन्हात चाललायस ना?" मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

माझ्याबद्दल बाबा काय म्हणाले ते वहिनींनी लिहिलं नाही. चार पानांत एक ओळ नाही. लिहिलं नाही म्हणजे काहीतरी म्हणाले असणार.

मी गुरुवारी निघतो. हे पत्र माझ्या आधी एक-दोन दिवस पोचेल. बाबांना एवढंच विचारून ठेव: दुपारी बारा ते तीन मी बसू का? सावली नको, छत्री नको. नाही म्हणाले तर त्यांच्याशी भांडू नको. मी दांड्याच्या अलीकडे, त्यांना दिसणार नाही इतक्या लांब बसेन, पण बसेन त्याच वेळेला.

पाय हलवणार नाही.